पाठमोरी

आमच्या बंदरावरच्या वाचनालयात
समुद्राला तीन फळ्या दिल्यात.
पुस्तकं त्रेचाळीस. मीच मोजलीत,
दर मार्चमध्ये दमट पानं उन्हाला काढते तेव्हा.
एकोणतीस पुस्तकांत तो पहिल्याच पानावर निळा आहे.
अकरांत गरजतो.
उरलेल्या दोघांत आई,
एकात सावत्र आई.

अन्सेल्मो म्हणाला, चव्वेचाळिसावं मी लिहितोय.
मी शिक्का तसाच हवेत धरला.
"शिळ्या कढीला किती ऊत आणायचा रे?"
तो हसला, चष्मा पुसला,
आणि धक्क्याच्या टोकाला नेऊन खुर्ची टाकली
समुद्राकडे तोंड करून,
जशी त्या त्रेचाळीस जणांनी टाकली असणार.

अख्खा सप्टेंबर गेला.
वहीत तारखा.
एका पानावर 'निळा', खोडलेला.
त्याखाली पुन्हा 'निळा'.

मग एका दुपारी वाऱ्यानं पानं उचलली
नि नेऊन अडकवली एर्मेलिंदाच्या जाळ्यात.

जाळी सांधणाऱ्या बायका इथे समुद्राकडे पाठ करून बसतात.
रुसवा नाही त्यात, रीतभातही नाही;
पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घुसते
आणि सुई चुकते, इतकंच.
चाळीस वर्षं ती तशी बसलीय.

"मग समुद्र दिसतो कधी तुला?" त्यानं विचारलं.

तिनं मांडीवरचं भोक त्याच्यापुढे पसरलं.
"हा बघ की. मंगळवारचा.
ही कड सुरीनं कापल्यासारखी, म्हणजे उत्तरेचा खडक.
इथे धागा ताणून ताणून तुटलाय,
डॉल्फिनचं पिल्लू असणार, फार धडपडलं बिचारं.
आणि हे भोक समुद्राचं नाहीच.
हे जुआंवच्या थोरल्याचं. घाईनं ओढलंय.
घरी भांडून निघाला असेल."

दुसऱ्या दिवशी खुर्ची फिरलेली होती.

पुस्तक आलं पुढच्या वर्षी, बारीकसं.
समुद्राच्या फळीवर बोटभरही जागा नव्हती,
मी ते शिवणकामात ठेवलं.
एर्मेलिंदाला अक्षरं लावत बसायचा कंटाळा,
म्हणून धक्क्यावर जाऊन मीच वाचून दाखवलं.
ती ऐकत होती. सुई चालूच.
साठाव्या पानावर म्हणाली, "इथली गाठ सैल राहिलीय त्याची."
ऐंशीव्यावर काही बोलली नाही.
सुई थांबली.
तिनं मान वळवून मागे पाहिलं.

"काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली,
"आहे का तसा, बघत होते."