घसारा

सरकारचा माणूस सकाळी आठला आला.
इद्रीस, खार्तूमचा अभियंता,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
म्हणाला, वीज आजपासून सरकारची,
भरपाई रास्त मिळेल, यादी वाचा.
मी वाचली, माझ्या मोडक्या अरबीत.

रस्टनची इंजिनं दोन. कागदावर एक आणि दोन,
आम्ही थोरली आणि धाकटी म्हणायचो.
थोरली थंडीत पहिल्या झटक्याला कधी उठली नाही,
तिला घोंगडी लागे
आणि एक मालवणी शिवी, तीही हळू.

खरेदी कुठल्या साली?
सांगितलं. त्याने भागलं, वजा केलं,
थोरलीची किंमत शून्य आली.
आली तेव्हा ती भिंतीपलीकडे चालूच होती,
रास हुवैरचे सगळे पंखे फिरवत.

घसारा म्हणतात ह्याला.
आमच्याकडे डोंगरउतारावर
पायाखालची खडी सरकते, तोही घसाराच.

खांब एकशे बारा, सागवानी, कालिकतहून गलबताने आलेले.
चाळिसाव्याला शेळी बांधलेली असते.
तो कललाय, पण शेळीमुळे नव्हे, वाळूमुळे.
हे मी सांगितलं. त्याने फक्त 'कललेला' लिहिलं.

डिझेलची टाकी, खाऱ्या हवेने खपल्या धरलेली.
मीटर सहाशे चार.
कोंबड्यांच्या खुराड्यात, मशिदीच्या हौदामागे,
नाखवा जुमाच्या जिन्याखाली,
जिथे एकोणीस वर्षं माझं कपाळ
दर महिन्याला त्याच तुळईला लागलं.
ह्याला रकाना नव्हता.

मग तो म्हणाला, ग्राहकांकडून येणं?
येणंही मालमत्तेत धरतात.
जितकं जास्त, तितकी शेठची भरपाई जास्त,
वसुली नंतर सरकार करणार.

खिडकीशी खलफान शेठची तस्बीह थांबली.

वही तिसरी, पान अठ्ठावीस.
शम्सा, सुलैमानची बायको.
सुलैमान झांजिबारहून निघाला, एवढंच माहीत.
एक बल्ब, एक पंखा, अकरा वर्षांची बाकी.
मी आकडा वाचायचो, वहीत मांडायचो,
ती सात खजूर मोजून हातावर ठेवायची
आणि पावती मागायची.
मी द्यायचो. 'मिळाले' एवढंच लिहून.
काय मिळाले, ते कधी लिहिलं नाही.

अशी पानं एकतीस.

शेठ हिंदीत बोलला, इद्रीसला कळू नये म्हणून:
"वो पन्ना कोरा है ना, बाबाजी?"

माझ्या वहीत कधी खाडाखोड नव्हती.
मालकाचा पैसा मालकाने सोडला, मी कोण मध्ये पडणार,
पण अक्षर माझं होतं.
"कोरं आहे," मी म्हणालो.

इद्रीसने वही ओढून घेतली.
पान अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
वरपासून खालपर्यंत माझं बाळबोध अक्षर, दाट,
मुंग्यांनी भरल्यासारखं.
चष्मा काढून पुसला. दोरा सुटला, परत बांधला.
आमच्या दोघांकडे न बघता
येण्याच्या रकान्यात शून्य घातलं.
ह्या शून्यासाठी त्याने भागाकार केला नाही.

पैसे पावणेदोन वर्षांनी आले म्हणतात, तेही अर्धे.
उरलेल्याबद्दल शेठ कुणाशी बोलला नाही.
माझी भरपाई: वर्षाला पंधरा दिवसांचा पगार,
मुंबईचं तिकीट.

थोरली एका गुरुवारी दुपारी बंद केली.
शहराकडून आलेल्या नव्या तारा आवाज करत नव्हत्या.
त्या रात्री अर्धं गाव गच्चीवर जागं होतं,
कशाने झोप येत नाही हे कुणाला नीट सांगता येईना.

निघण्याच्या आदल्या दिवशी शम्साकडे गेलो.
नवा मीटर भिंतीत, काचेमागे, पांढरा.
तिने विचारलं, आता खजूर कुणाला मोजून देऊ?
म्हटलं, सरकारला.
ती म्हणाली, त्याला ओंजळ असते का?