काट्यावरचा अंगठा

ओबेद तायडेचा उजवा अंगठा
साऱ्या बोरटेकला ठाऊक आहे.
कापसाचं गाठोडं काट्याच्या आकड्याला लटकलं
की तो हळूच खालून टेका देतो.
अठरा किलोचे सोळा होतात.
बाया एकमेकींकडे बघतात, बोलत कोणी नाही.
उद्या पुन्हा वेचायला जायचं असतं.

आणि रविवारी हाच ओबेद
पत्र्याच्या देवळात सगळ्यांच्या पुढे उभा.
पाद्रीबाबा दारव्ह्याहून महिन्यातून एकदा येतात,
तेही एसटी मिळाली तर.
बाकीचे रविवार शास्त्र तोच वाचतो,
बोट ओळीखाली सरकवत,
‘परूशी’ शब्दाशी दरवेळी अडखळत.

प्रभुभोजनाचं ताटही त्याच्याच हातून फिरतं.
दोन वर्षं मी ते तसंच पुढे जाऊ दिलं.
मार्था कोपर मारायची, “घे ना वं!”
मी म्हणायची, “याच्या हातचं?
यानं पाव बी कमीच भरला असंन.”

मग माझ्या दानिएलचं पोट पाण्यानं फुगलं.
मिशनच्या दवाखान्यानं म्हटलं, घरी न्या.
पहिल्या आठवड्यात सगळी मंडळी आली.
बिस्किटाचे पुडे आले.
प्रार्थना लांब झाल्या, बसणं आखूड.
पुढे घरात वास सुटला
आणि लोक फाटकातूनच विचारू लागले,
“कसं हाय आता?”

ओबेद आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील.
गालात तंबाखू. “सरक,” म्हणाला.
बस, एवढंच.
बाह्या वर केल्या, पाणी तापवलं,
दानिएलच्या पाठीखाली हात घातला
आणि खालून टेका देऊन त्याला कुशीवर केलं.
मी तो टेका ओळखला.
पुसलं त्यानं, जिथे पुसायला
सख्खा भाऊ धजला नव्हता तिथेही.
पहाटे चिंध्या नाल्यावर धुऊन आणल्या.

गोड वगैरे बोलला नाही एकदाही.
डासांना शिव्या दिल्या, स्वतःच्या कमरेला दिल्या,
चहा पातळ आहे म्हणून मला ऐकवलं.
अशा चौदा रात्री.
आणि दिवसा काट्यावर तोच अंगठा,
माझ्याही गाठोड्याखाली.

भांडले मी तुझ्याशी, देवा.
चुलीपुढे बसून म्हटलं,
अख्ख्या तालुक्यात तुले दुसरा मानूस नाई भेटला?
तू काही बोलला नाहीस.
आत ओबेद खोकत होता.

शेवटच्या रात्री दानिएल घाबरला.
म्हणाला, “वाच ना गा काही.”
ओबेदचा चष्मा घरी राहिलेला, कंदील मिणमिणता,
पुस्तक उघडलं ते भलत्याच पानावर.
वंशावळ निघाली.
नुसती नावं. ह्याचा तो, त्याचा तो,
मधेच एखादी बाई,
जिच्याबद्दल गाव तेव्हा कुजबुजलं असेल.
ओबेद अंदाजानं वाचत गेला, निम्मी नावं चुकीची.
दानिएल मात्र शांत पडून ऐकत होता,
जणू पलीकडच्या गल्लीतल्या सोयऱ्यांची खबर यावी.
नावं संपायच्या आधीच त्याचा श्वास संपला.

ओबेदनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं
आणि त्याच अंगठ्यानं
दानिएलच्या पापण्या खाली केल्या.
वजनच नव्हतं त्या अंगठ्यात.

आता सांगून टाकते.
माझ्या गाठोड्यातही तळाशी असायचं काहीतरी.
कधी दवातला ओला कापूस,
कधी मातीचं ढेकूळ, मुठीएवढं.
हे मार्थालाही ठाऊक नाही.
तुला असणार.

पुढच्या महिन्यात पाद्रीबाबा आले.
ताट फिरत फिरत माझ्यापुढे थांबलं,
नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.
घेतला तुकडा.
लहानच होता.
मी ओबेदकडे पाहिलं, त्यानं नजर चोरली.
मग मीही चोरली.