लिहायचा वेग

बोरा बझारात, जिना संपतो तिथेच
मुस्तनसीरभाईंचं दुकान. काचेखाली कार्डं,
अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी.

"कशासाठी पायजे?"
लग्नं, म्हणालो. गोराई, मनोरी, उत्तन.
"मग हा मोठा आकडा सोडा. तो वाचायचा वेग,
तो सगळेच ठळक छापतात.
लिहायचा विचारा."

विचारला.
त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं
आणि पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसले.

युलालियाच्या लग्नाचं मी त्यांना सांगितलं नाही.
उंबराचं पाणी. विहिरीवर बायका, ब्रास बँड,
आणि कळशी उचलताना तिचा बाप
कुणाकडेही न बघता हसला.
मी बोट दाबून धरलं.
लाल दिवा लुकलुकत राहिला,
लुकलुकतच राहिला,
दिवा विझला तेव्हा तो बँडवाल्यांचे पैसे मोजत होता.
स्टेशनबाहेरचं कार्ड. दोनशे वाचवले होते.

"आणि टिकतं का?"
भाईंनी एक जुनं कार्ड चहात बुडवलं,
सदऱ्याला पुसलं, कॉम्प्युटरला लावलं:
एक मांजर. तेच मांजर. मांजराची शेपटी.
"सात वर्षं झाली. मांजर गेलं."

दोन घेतली. एक मोठं नको म्हणाले,
दोन्हीत एकदम लिहू दे.
तिथेच घालून पहिला फोटो काढला:
भाई, भिंग कपाळावर, सुटे शोधताना.

दिवा एकदाच लुकलुकला.
ते अजून सुटेच शोधत होते.