मंगळवारची यादी

रॉचडेल. सकाळचे आठ. यादीत पहिलं नाव
टेगन ऑग्डन, वय सहा.
काढायचे दात अकरा.

ट्रॉलीवर चढताना ती विचारते,
झोपेत मला कळेल का?
नाही गं, म्हणते मी.
इंग्रजीत म्हणते, म्हणून ‘गं’ तेवढा
माझ्याजवळच राहतो.

मास्कला स्ट्रॉबेरीचा वास.
वीसपर्यंत मोज म्हटलं की
मुलं सातावर झोपतात.

मग स्टीलच्या वाटीत
टक्.
टक्.
लवंगेसारखे काळे, देठासकट.
आमच्याकडे दुखऱ्या दाताखाली लवंग धरायचे.
पडलेला दात कौलावर भिरकवायचे,
पण तो आपणहून पडलेला असायचा.

बाहेर तिची आई,
गोदामातल्या रात्रपाळीचं जॅकेट अजून अंगात.
दोन वर्षं फोन करतेय, ती म्हणते,
कुठलाच दवाखाना नवीन नाव घेत नाही.
मी काही विचारलेलं नसतं.
सगळ्याच आया असं सांगतात,
साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून.

बालवाडीत ब्रशची योजना होती.
भिंतीवर खुंट्या, खुंटीवर नावं,
रोज दोन मिनिटं नुसता फेस आणि खिदळणं.
ती बंद झाली त्या संध्याकाळी
रजा टाकून टाउन हॉलच्या गॅलरीत बसले होते मी.
पान एकोणचाळीस, ओळ चौदा.
तिच्यावर बोलायला दीड मिनिट लागलं,
दात घासण्याहून कमी.
म्हातारे हॅरग्रीव्ह्ज चष्मा पुसत राहिले.
वाईट वाटतं, म्हणाले, पण वरूनच पैसा आला नाही.
खोटं बोलत नव्हते.
वाचलेला पैसा त्यांच्या वहीत दिसतो,
भुलीचं, टेबलाचं, माझ्या पगाराचं बिल
भलत्याच वहीत.
दात कोरून पोट भरत नाही,
हे त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं
ते मला बसमध्येही सुचलं नाही.

टेगन जागी होते. तोंडात कापसाचा बोळा.
परीचं चित्र असलेलं पाकीट मी तिच्या हातात देते.
परी एका दाताचा एक पौंड देते म्हणे.
ओळ चौदामध्ये एका मुलामागे वर्षाला
अकरासुद्धा नव्हते.

ती बोटांवर मोजू लागते.
दहा होतात.
पुन्हा मोजते, पुन्हा दहा.
मग बोलता येत नाही म्हणून
न विचारताच
माझं एक बोट धरते.