मानस

आमच्या कुठ्ठाळीत मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं,
जुवारीचं खारं पाणी कोरगुटाच्या शेतात
शिरू देत नाही.
माझा बाप, सगुण, बत्तीस वर्षं ते दार राखत होता.
रात्री दोनलाही कंदील घेऊन निघायचा,
फळीत ओंडका अडकला असला तर?

मीही दारच राखते.
वेर्ण्याच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर, एसीत.
ए, टी, जी, सी.
या चार अक्षरांचे लांबच लांब मजकूर
लोक पाठवतात, आम्ही घडवून देतो:
कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरं काहीतरी,
दिसतं न दिसतंसं.
कुरिअरवाला पावती फाडतो
आणि कुठल्यातरी दूरच्या शहरात
एक नवं वाक्य श्वास घेऊ लागतं.

आधी यंत्र चाळतं. हिरवं, हिरवं, हिरवं.
पिवळं आलं की माझ्याकडे.
बहुतेकदा काहीच नसतं:
काजूच्या बोंडूवरची बुरशी,
कुणा पोरीचा अर्धवट प्रबंध.

त्या ऑर्डरी तर हिरव्याच होत्या.
फेब्रुवारीत एक तुकडा.
एप्रिलात दुसरा, वेगळ्या नावाने.
मे संपताना तिसरा.
एकेकटा प्रत्येकजण गरीब गाय.
मी ते शेजारी शेजारी का लावून बघितले
कुणास ठाऊक.
जेवणाची सुट्टी होती, डब्यात तिसऱ्यांचं सुकं होतं,
आणि टोकाला टोक असं बसत गेलं
जशी आई फुटलेली बशी बसवायची.
मी डबा झाकून ठेवला.

काय जुळलं ते इथे लिहिणार नाही.
कवितेलाही दार असावं.

बार्रेटो सर म्हणाले, पत्ता खरा आहे,
पैसे आगाऊ आलेत, लस करत असतील.
असतीलही.
हेच तर झोपू देत नाही:
लस आणि साथ एकाच लिपीत लिहितात,
अक्षर तेच, हात वेगळा,
आणि हात मला पडद्यावर दिसत नाही.
सर म्हणाले, आपण नाही दिलं तर दुसरा कुणी देईल.
तेही खरं.
मुरगाव तालुक्यातल्या सगळ्या मानशी
सगुणने एकट्याने थोड्याच राखल्या होत्या.

मी सातवीत असताना बांध फुटला.
गावाला वाटलं, उधाण.
बाप चिखलात गुडघे रोवून बसला
आणि त्याने सगळ्यांना दाखवलं
बोटभर भोक. कुर्लीचं.
कुर्ली काही वैरी नव्हती,
ती आपलं घर करत होती.
मीठ उतरायला तीन पावसाळे लागले.
कोरगुटाला खारं सोसतं, म्हणतात लोक.
थोडं. थोडंच सोसतं.

तिसरा तुकडा मी अडवला.
कारणाच्या चौकटीत पन्नास अक्षरांची जागा होती.
मी लिहिलं: "शंका."
उरलेली जागा तशीच राहिली.
पहिले दोन केव्हाच गेले होते.

घरी आले तर बाप व्हरांड्यात.
मोतीबिंदू पिकलाय, अंधार-उजेड तेवढा कळतो.
रोज विचारतो तेच त्याने विचारलं,
"दार धांपलें मगो?"
धांपलें, म्हटलं मी.
त्याचा विश्वास बसला. लगेच घोरायला लागला.

मग भरतीची वेळ झाली.
अंथरुणावर पडून मी मोजत राहिले:
मे. एप्रिल. फेब्रुवारी.
आणि मार्च?

मार्चमध्ये शिगमो होता.
मी आठ दिवस रजेवर होते.