खंदक क्रमांक तीन, जालना

कुंडलिकेच्या अल्याड, जुन्या छावणीच्या मागं,
जिथं आता सहकारी बँकेचं पार्किंग व्हायचंय,
तिथं आम्हाला सतरा दिवस मिळाले.
दोरी, चुना, खिळे, ब्रश
आणि रोजंदारीवरच्या सहा बायका.
मी आरेखक. मला काही सापडत नाही,
सापडलेल्याच्या कडा तेवढ्या काढतो पेन्सिलीनं.

हातभर खोल गुटख्याच्या पुड्या.
मग विटा. मग राख.
राखेखाली कुणाचा तरी उकिरडा,
आणि उकिरड्याला खोटं बोलता येत नाही.

निळ्या नक्षीची बशी, साहेबाच्या मुलखातली,
तडकलेली, आणि तड बुजवलेली लाखेनं,
तीच लाख, बांगडीला लावतात ती.
दारूच्या बाटलीचं जाड बूड
उलटं धरून केलेला दिवा, काजळी अजून बोटाला येते.
मद्रासी पलटणीमागं चालत आलेल्या कुणा बाईचा रगडा
आणि त्याच्या खळग्यात जळके चार दाणे,
ज्वारीचे.
तांदूळ संपला असेल त्या वर्षी.
किंवा बाई इथली झाली असेल.

एक कवडी.
समुद्र इथून सव्वाशे कोस,
तो काही आला नाही भेटायला,
कुणाच्या तरी पदराच्या गाठीत त्यानं चिठ्ठी धाडली.

अकराव्या दिवशी तपेली निघाली.
पितळेची, पोचे पडलेली.
भांड्यावर नाव घालायची आपली रीत,
पण हिच्या गळ्याशी तीन नावं.
खाली मोडी, अर्धी घासलेली,
तिच्यावर फारसी अक्षरं,
आणि कडेला, नवशिक्या हातानं ठोकलेलं,
इंग्रजी एम, एम, आणि उलटा आर.
तिघी बायका? की एकच,
तीनदा संसार मांडलेली?
मी भिंगातून पाहत राहिलो
आणि चहाचं पाणी झालं.

रजिस्टरात रकाने असतात:
थर. खोली. वस्तू. काळ.
शेवटचा रकाना, समाज.
एकच शब्द मावेल एवढा.
साहेब म्हणाले, ठरवा, कोणाची ते.
मी ‘मिश्र’ लिहिलं, त्यांनी खोडलं,
मिश्र म्हणजे काय हो, लोणचं?

खापरं धुणारी जैतुनबी
टबातून हात न काढता बोलली,
“जिने घासी उसकीच. और किसकी?”

उसकीच.

मी पेन्सिल खाली ठेवली.
तो च.
माझ्या आईच्या तोंडातला, परतूरच्या चुलीपुढचा,
मीच, तूच, आत्ताच, इथंच,
हा इकडं कधी आला, कुणी आणला,
कुठल्या बाजारात, कुठल्या भांडणात
एका जिभेवरून दुसरीवर उडाला
आणि परत मागितला नाही कुणी?
आणि तिचं ते ‘नक्को’,
दोनदा दाबलेलं, आपलंच नको,
भाकरीसारखं थापून जाड केलेलं.
आणि आम्ही जिला तहरी म्हणतो ती?
आईला एकदा विचारलं होतं, हा शब्द कुठला गं?
म्हणाली, कुठला म्हंजे? आपलाच.
आणि पळीभर जास्त वाढली.

खंदकाचा नकाशा मी पूर्ण केला.
उत्तर दिशा, मोजपट्टी, थरांच्या रेघा.
सरळ रेघा. खाली काहीच सरळ नव्हतं,
राख विटांत शिरलेली,
उंदरांनी शतकं इकडची तिकडं नेलेली.
जैतुनबीचं वाक्य कुठल्या थरात दाखवू
ते सुचलं नाही.
मार्जिनमध्ये बारीक च काढला.
छपाईत तो डाग समजून पुसतील.

सतराव्या दिवशी मुरूम पडला, वर रोलर.
मुकादमानं पगाराची वही उघडली.
गेल्या आठवड्यात तिथं जैतूनबाई होतं,
त्याआधी झैतुना बी,
आज त्यानं लिहिलं जयतुंबाई.
तिनं पाहिलंही नाही.
ओल्या अंगठ्यावरची माती लुगड्याला पुसली,
जांभळ्या शाईत बुडवला
आणि तिन्ही नावांना पुरेल एवढा
दाबून उठवला.