समासात

टॉर्चच्या झोतात जे डोळे लालसर चमकतात
तेवढेच मोजायचे, असा नियम.
काळाघोड्याच्या पुलापासून खाली,
साडेनऊ ते बारा, डासांसकट:
अकरा.

सकाळी कंकुबेन म्हणाली, चौदा.
विश्वामित्रीच्या काठावर तिची वांगी,
त्याच पाण्यावर वाढलेली.
तिच्या मराठीत मगर कायम पुल्लिंगी,
पिल्लांना पाठीवर घेऊन बसला तरी.

"एक लंगडो. तो रात्री नाल्यात शिरतो,
तुमची बॅटरी तिकडे वळतच नाही.
एक तो पिल्लांवाला, बांबूच्या आड.
बघ, चिखलात पोट घासल्याचा माग,
दोन वीत."

आणि चौदावा?
"पुरानंतर नाही दिसला."
मग मोजायचा कसा, मावशी?

तिनं वाफ्यात पाणी वळवलं,
पायानंच माती ओढून बांध घातला.
"त्या पलीकडच्या वाळूवर
बगळे अजून बसत नाहीत."

तक्त्यात बगळे न बसण्याचा रकाना नाही.
मी समासात लिहिलं:
चौदा, कंकुबेनच्या सांगण्यावरून.
पेन्सिलीनंच,
पण साहेब खोडणार म्हणून
जरा दाबून.